एक मीटर बाय एक मीटर: ‘आविष्कार’चे आमचे सहा महिने

‘आविष्कार’चं पत्रक नोटीस बोर्डावर लागतं तेव्हा नोंदणीची शेवटची तारीख बहुतेक आठवड्यावर आलेली असते. आठवड्यात पोस्टर होतं, प्रयोग होत नाही. आम्ही दोघी टीवाय बीएस्सी केमिस्ट्रीच्या. जुलै २०२४ मध्ये मागच्या वर्षीचं पत्रक विभागातून झेरॉक्स करून घेतलं आणि त्यावरून मागे मोजत वेळापत्रक आखलं. नियम दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच राहतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ‘आविष्कार’ हे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं संशोधन संमेलन, कुलपतींच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेलं. आधी कॉलेज, मग जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ, शेवटी राज्य. विषयांचे सहा गट आहेत: मानव्यविद्या, भाषा व ललितकला; वाणिज्य, व्यवस्थापन व विधी; शुद्ध विज्ञान; कृषी व पशुसंवर्धन; अभियांत्रिकी व तंत्रज्ञान; वैद्यक व औषधनिर्माण. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थी यांचे स्तर वेगळे, त्यामुळे पीएचडीवाल्यांसमोर उभं राहावं लागेल ही भीती मनातून काढून टाका.

गट निवडताना पहिली चूक होते. आमचा विषय होता निर्माल्यातल्या झेंडूपासून सुती कापडाचा रंग. कापड रंगवणं म्हणजे कला, तर ललितकलेत टाकू, तिथे स्पर्धा कमी, असा सोपा हिशेब आम्ही केला होता. आमच्या मार्गदर्शक सरांनी एकच प्रश्न विचारला, “तुमच्या वहीत आकडे कसले असणार?” तापमान, वजन, धुण्यातला टिकाऊपणा. मग परीक्षकही ते वाचणारे हवेत. ललितकलेच्या परीक्षकाने परंपरा, नक्षी, कारागीर यांबद्दल विचारलं असतं आणि आम्ही तुरटीचं प्रमाण सांगत बसलो असतो. शुद्ध विज्ञान ठरलं.

ऑगस्ट जवळजवळ पूर्ण युवक महोत्सवाने खाल्ला. माझी जोडीदार मूकनाट्यात होती. सहा जण, पाच मिनिटं, आणि त्यासाठी तीन आठवडे रोज चार ते सात तालीम. मी चित्रकलेला होते: अडीच तास, २२ बाय १५ इंचाचा कागद, विषय जागेवर मिळतो. कागद आयोजक देतात, रंग, ब्रश, पाण्याचा डबा आपला. संशोधन आणि महोत्सव दोन्ही करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तालमीच्या आणि स्पर्धेच्या दिवसांचं ‘ऑन ड्युटी’ पत्र त्याच आठवड्यात सांस्कृतिक समितीकडून सहीशिक्क्यासह घ्या. सप्टेंबरअखेर हजेरीची यादी लागते, तेव्हा कुठला दिवस कशासाठी बुडाला हे कुणालाच आठवत नाही. कलेच्या सहभागाचे वाढीव गुण तुमच्या विद्यापीठात मिळत असतील तर प्रमाणपत्राची प्रतही तेव्हाच जमा करून टाका.

गणपती ७ सप्टेंबरला बसले, १७ला अनंत चतुर्दशी. विसर्जन घाटावरच्या निर्माल्य कलशातून पाच किलो माल आणला. नगरपालिकेच्या माणसाला आधी भेटून तोंडी परवानगी घेतली होती. नंतर फॉर्ममध्ये ‘नमुना कुठून व कोणाच्या परवानगीने’ असा रकाना निघाला, म्हणजे ती लेखीच घ्यायला हवी होती. घरचा अनुभव कितीही असो, निर्माल्य निवडायला लागणारा वेळ कमीच धरला जातो. दोरे, दुर्वा, शेवंती, गुलाब, केवड्याची पानं, थर्माकोलचे मणी, एक उदबत्तीचं घर. पाच किलोतून झेंडूची फुलं निघाली जेमतेम दोन किलो, आणि देठ-बोंड काढून पाकळ्या सव्वा किलोच्या आसपास.

सप्टेंबरच्या दमट हवेत सावलीत वाळवायला ठेवलेल्या पाकळ्यांवर तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आली. अर्धा माल फेकला. उरलेला ओव्हनमध्ये ५० अंशांवर, पातळ थरात, दोन दिवस. ओल्या पाकळ्यांत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे हातात आली शंभर ग्रॅमहूनही कमी वाळकी पाकळी. कुणी असा प्रयोग करणार असेल तर आधी ओव्हन मोकळा आहे का ते बघा. आमच्याकडे तो मायक्रोबायोलॉजीसोबत सामायिक आहे आणि त्यांच्या काचेच्या भांड्यांची पाळी आधी लागते.

कापडाची तयारी अनेक जण गाळतात. दुकानातल्या मांजरपाटाला खळ असते, आणि खळीवर रंग बसतो पण राहत नाही. १५ सेंटिमीटर चौरसाचे तुकडे कापले, एकेक साधारण साडेतीन ग्रॅमचा. साबण आणि धुण्याचा सोडा घालून तासभर उकळले, तीनदा धुतले. झालं का हे बघायची सोपी खूण म्हणजे वाळलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा, टाकताक्षणी पसरला तर कापड तयार.

पुढचं प्रमाण असं ठेवलं. कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून गाळून घेतली, त्यात कापड रात्रभर. पिळून, न धुता वाळवलं. मग २० टक्के तुरटीच्या पाण्यात एक तास. सूत तुरटीला थेट नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन मध्ये लागतं. लोकर किंवा रेशीम असतं तर तुरटी पुरली असती. रंगासाठी कापडाच्या वजनाइतकी वाळकी पाकळी, वीसपट पाणी, ८० ते ९० अंशांवर एक तास, गाळून त्याच तापमानाला कापड पाऊण तास. चौथ्या संचाला शेवटी एक टक्का हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. त्याने पिवळ्याचा मेहंदी-हिरवा होतो. असे चार प्रकार: काहीच न लावलेलं, फक्त तुरटी, हिरडा-तुरटी, हिरडा-तुरटी-हिराकस. प्रत्येकाचे तीन तुकडे. तीनच का, हा प्रश्न तिन्ही फेऱ्यांत आला. उत्तर प्रामाणिक ठेवा: पदवीच्या पातळीवर तीन हा किमान आकडा, आणि पाकळी तेवढीच होती.

पहिल्या खेपेला काहीच न लावलेले तुकडेही किंचित हिरवट आले. कारण बोअरचं पाणी, त्यात लोह होतं आणि हिराकसचं काम ते फुकटात करत होतं. संपूर्ण खेप रद्द, पुन्हा डिस्टिल्ड वॉटरमध्ये. डिस्टिल्ड वॉटरचा वीस लिटरचा कॅन बाहेरून विकत घेतला, कारण प्रयोगशाळेतला संच दिवसाला जेमतेम प्रॅक्टिकलपुरतं पाणी देतो.

मग धुण्याची चाचणी. लिटरला ५ ग्रॅम साबण आणि २ ग्रॅम सोडा, ६० अंश, ३० मिनिटं. पिवळे धमक तुकडे पाण्यात गेले आणि दोन मिनिटांत त्यांच्यावर वीटकरी डाग उमटले. सगळीकडे नाहीत, ठिपक्याठिपक्यांनी. स्वच्छ पाण्यात खळबळून काढले की डाग पुन्हा पिवळे. ज्यांच्या घरी हळद लागलेलं पातेलं साबणाने घासलं जातं त्यांना हे लगेच कळेल, आम्हाला कळायला दोन दिवस लागले. डाग हळदीचे होते. पूजेतलं फूल म्हणजे त्याला हळद लागलेली असणारच. खंडोबाच्या देवळातलं असेल तर भंडाराच. म्हणजे आम्ही ज्याला झेंडूचा रंग म्हणत होतो त्यात हळद किती आणि झेंडू किती, हे सांगायची सोय नव्हती. शिवाय हळद उन्हात भराभर उडते, त्यामुळे उन्हातला टिकाऊपणाही खोटा कमी दिसणार.

तेव्हा वाटलं, संपलं. सरांचं मत उलट होतं. निर्माल्यापासून रंग हे आधी खूप जणांनी केलं आहे. निर्माल्यात हळद आहे की नाही हे रंगवण्यापूर्वी कसं ओळखायचं, हा प्रश्न लहान आहे पण तुमचा आहे. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, बाजारातून पूजेला न गेलेला ताजा झेंडू दोन किलो घेतला. त्या दिवशी भाव चढा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला माल जवळजवळ फुकट मिळतो, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं. त्या स्वच्छ पाकळ्यांत मोजून हळद मिसळली: ०.५, १, २, ५ टक्के. अर्क गाळणकागदावर थेंब-थेंब टाकला, वाळल्यावर त्यावर सोड्याचं पाणी. शुद्ध झेंडूचा थेंब फक्त गडद होतो, हळदीचा लालसर. सर्वांत कमी हळदीच्या नमुन्यात डोळ्यांना फरक दिसेना, म्हणून टीएलसी, म्हणजे लेप दिलेल्या पट्टीवर द्रावण चढवून अर्कातले घटक वेगळे करायची पद्धत. अल्कोहोलमधला अर्क, क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९५:५. हळद तीन ठिपके देते आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ते चमकतात. झेंडूचा पिवळा ल्युटीन तसा चमकत नाही. कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणाऱ्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर नुसतं हे सुटं करता आलं नसतं, कारण दोघांची शिखरं जवळजवळ येतात, हळदीचं ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, ल्युटीनचं ४४५च्या.

टीएलसीची अॅल्युमिनियम शीट महाग असते, पण कात्रीने पट्ट्या कापून एका शीटमध्ये बऱ्याच चाचण्या होतात. खालून एक सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ. पेनने मारलीत तर शाईच वर चढते, आणि हो, आमची पहिली पट्टी तशीच गेली. ठिपका रेघेवर, द्रावण रेघेच्या खाली. क्लोरोफॉर्मचं काम धूरकपाटातच (वाफ बाहेर ओढून घेणारं कपाट), आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही.

दिवाळीआधी पाचव्या सत्राची परीक्षा, मग सुट्टी, मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. कॉलेज मतदान केंद्र, अर्धे प्राध्यापक निवडणूक ड्युटीवर. याच दिवसांत नोंदणीची मुदत होती. फॉर्मवर मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांचा शिक्का. बोनाफाइड, ओळखपत्राची प्रत, दोन फोटो. सह्यांसाठी एक दिवस धरला होता, लागले पाच. त्यात शीर्षकाचा घोळ. आम्ही जुलैतच प्राथमिक नाव दिलं होतं, ‘निर्माल्यातील झेंडूपासून नैसर्गिक रंग’. पोर्टलवर तेच भरलं गेलं आणि एकदा सबमिट झालं की शीर्षक बदलत नाही. शेवटपर्यंत आमचं काम एक आणि नाव दुसरं अशी अवस्था राहिली. शीर्षक भरताना थोडं ढगळ ठेवा: ‘निर्माल्यातील झेंडू-रंगाचा अभ्यास’ असं असतं तर दोन्ही मावलं असतं. विद्यार्थ्याचं नाव मात्र मार्कशीटवर आहे अक्षरशः तसंच.

सारांशाला शब्दमर्यादा होती ५००. आमचा पहिला मसुदा पर्यावरण, नद्यांचं प्रदूषण, श्रद्धा आणि विज्ञान यांत साडेतीनशे शब्द घालवून बसला होता. सरांनी वरची दीड पानं काट मारून उडवली. चार गोष्टी ठेवल्या: प्रश्न काय, काय केलं, काय दिसलं, कुठे अडलं. शेवटची ठेवायला आम्ही बिचकत होतो. तीच परीक्षकांनी सर्वांत जास्त विचारली.

पोस्टर. माप एक मीटर बाय एक मीटर. पत्रकात बारीक अक्षरात असतं की पोस्टरवर कॉलेजचं, विद्यार्थ्याचं, मार्गदर्शकाचं नाव किंवा बोधचिन्ह नको, फक्त कोड. विभागीय फेरीत एका गटाच्या पोस्टरवर वर भलामोठा लोगो होता. आयोजकांकडून पांढरा कागद मागून तो झाकताना त्यांची पहिली वीस मिनिटं गेली. मजकूर दीड मीटरवरून वाचता यायला हवा, म्हणजे शीर्षक ८०-९० पॉइंट, आतलं २८च्या खाली नाही. आमच्या पहिल्या आराखड्यात अकराशे शब्द होते, छापलं तेव्हा चारशे.

मराठीत पोस्टर करणार असाल तर, आणि आमच्या पत्रकात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालत होत्या, छपाईच्या दुकानात वर्डची फाइल अजिबात नेऊ नका. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये यूनिकोड फाटतं. आमच्या पहिल्या प्रुफात ‘निर्माल्य’मधला रफार भलत्याच अक्षरावर आणि ‘क्लोरोफॉर्म’चे सुटे तुकडे झाले होते. पीडीएफ करा, फॉन्ट आत घालून, आणि दुकानदाराला ‘उघडून एडिट करू नका, थेट छापा’ असं सांगा. तरी प्रूफ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्लेक्स स्वस्त पडतो पण दिव्याखाली चकाकतो आणि गुंडाळी सुटत नाही. आम्ही मॅट कागदावर छापलं, ४५० रुपये, आणि गुंडाळायला पुठ्ठ्याची नळी त्याच दुकानातून मागून घेतली.

एक गोष्ट छापून कळत नाही, ती म्हणजे पिवळा. छापील पिवळा लिंबासारखा आला, कापडाचा होता मुरलेल्या लोणच्याच्या तेलासारखा. म्हणून खऱ्या कापडाचे तुकडे एका वहीत टाचून नेले, प्रत्येकाखाली तारीख, वजन, प्रमाण. परीक्षकांनी पोस्टरपेक्षा ती वही जास्त चाळली. पोस्टरवर काही चिकटवायला परवानगी आहे का हे आधी विचारा. आमच्याकडे नव्हती, वही हातात धरायला हरकत नव्हती.

कॉलेज फेरी २९ नोव्हेंबरला, वीस मिनिटांत संपली. विभागीय फेरी १७ डिसेंबरला, साठ किलोमीटरवर. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्तात झाला, पण पोस्टरची नळी गर्दीत सांभाळणं हे एका माणसाचं काम आहे. सोबत ठेवायची पिशवी अशी: टाचण्या, दुहेरी चिकटपट्टी, कात्री, सारांशाच्या चार प्रती, मूळ प्रयोगवही, पेनड्राइव्हवर पीडीएफ, पाणी, चिवडा. नोंदणी नऊला म्हणतात, परीक्षक आमच्यापाशी पोचले दुपारी सव्वादोनला. इतका वेळ पोस्टरपाशी उभं राहायचं असतं. पाळीपाळीने जेवा. दोघी एकदम डबा खायला गेलात की नेमके तेव्हाच परीक्षक येतात, शेजारच्या गटाचं तसंच झालं.

परीक्षक थांबतात चार-पाच मिनिटं. पाठ केलेलं भाषण पहिल्याच मिनिटाला तोडतात. विभागीय फेरीत विचारलेले प्रश्न जसेच्या तसे: कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) कुठे आहे? हळद बाजारातली वापरली, त्यात भेसळ नव्हती कशावरून? ऊन किती तास दिलं आणि कुठल्या महिन्यातलं? एका किलो कापडाला खर्च किती? ऊन आम्ही गच्चीवर दिलं होतं, तुकडा अर्धा काळ्या पुठ्ठ्याने झाकून, नोव्हेंबरात. रंग किती उडाला ते ताडून बघायला प्रमाणित निळ्या लोकरीची पट्टी असते, १ ते ८ श्रेणीची, ती आमच्याकडे नव्हती, तसं सांगितलं. भेसळीचं उत्तर नव्हतंच. ‘हळकुंड आणून दळायला हवं होतं’ असं म्हटल्यावर परीक्षक मॅडम हसल्या आणि पुढच्या पोस्टरकडे गेल्या. त्या हसण्याचा अर्थ लावण्यात संध्याकाळ गेली. निकाल रात्री साडेआठला ग्रुपवर आला, विद्यापीठ फेरीसाठी निवड.

मधल्या तीन आठवड्यांत हळकुंड आणून मिक्सरला दळून पुन्हा सगळ्या पट्ट्या केल्या. निष्कर्ष बदलला नाही, पण वहीत चार पानं वाढली.

विद्यापीठ फेरी ८ जानेवारीला. सकाळी पोस्टर, त्यातून निवडलेल्यांचं दुपारी सभागृहात सादरीकरण: आठ मिनिटं बोलणं, दोन मिनिटं प्रश्न. सादरीकरणासाठी निवड झाली तर तयार होण्यासाठी तासाभराचा अवधी मिळतो, म्हणून स्लाइड आधीच करून न्या. दहाच्या वर नकोत. तिथल्या संगणकावर आमचा मराठी फॉन्ट नव्हता आणि पहिल्या स्लाइडवर चौकोन उमटले. पीडीएफ प्रत होती म्हणून निभावलं. सहाव्या मिनिटाला घंटा वाजते, ती इशाऱ्याची असते, थांबायची नाही. मी थांबले, जोडीदाराने कोपराने ढोसल्यावर पुढे बोलले. प्रश्न आला तोच, ज्याला आम्ही घाबरत होतो: शीर्षकात रंग आणि कामात हळद, असं का? घडलं तसं सांगितलं, डागांसकट. राज्य फेरीसाठी निवड झाली नाही. गुणपत्रक दाखवत नाहीत, त्यामुळे कुठे कमी पडलो याचा अंदाजच करायचा.

एकूण खर्च दोघींत मिळून सुमारे ३,४०० रुपये: रसायनं बहुतेक विभागाची, आमच्या खिशातून शीट, डिस्टिल्ड वॉटर, मांजरपाट, हिरडा, फुलं, छपाई, प्रवास. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात अख्खा घेतला तर स्वस्त, पूड घेतली तर दुप्पट. प्रवासखर्च कॉलेज देतं, पण तिकिटं जपून ठेवली असतील तरच. एसटीचं तिकीट आठवड्यात पुसट होतं, त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. पैसे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाले.

प्रमाणपत्र फेब्रुवारीत आलं, जोडीदाराच्या आडनावात एक काना कमी. दुरुस्तीसाठी अर्ज, मूळ प्रमाणपत्र, ओळखपत्राची प्रत, प्राचार्यांचं पत्र. ते अजून आलेलं नाही.

कापडाची वही आणि हळकुंडाच्या पट्ट्या विभागातल्या खिडकीशेजारच्या कपाटात खालच्या खणात आहेत. यंदा कुणाला हाच विषय पुढे न्यायचा असेल तर शेवटच्या दोन पानांवर काय राहिलं ते लिहून ठेवलं आहे. किल्ली शिपाईमामांकडे असते, अकरानंतर.